चंद्रशेखरांची निबंधसंपत्ति : मोजणी आणि पारख

ग्रंथकाराची योग्यता त्याच्या ग्रंथांच्या संख्येवरून ठरवूं नये, हें तत्त्व वाङ्मयाच्या प्रांतांत आतां वादग्रस्त राहिलेलें नाहीं. केशवसुतांच्या उपलब्ध कविता दीडशेंहून कमीच भरतात. त्यांच्याहून कितीतरी पटींनीं अधिक पद्यरचना करणारे लोक त्यांच्या काळांत होऊन गेले. परंतु अर्वाचीन मराठी कवितेचा उगम शोधावयास निघालेला रसिक त्या लहानशा संग्रहापाशींच येऊन थांबतो. शास्त्रीय वाङ्मयाच्या बाबतींत मात्र गेल्या साठ वर्षांत याच्या उलट रीत रूढ होत गेली आहे. शास्त्रज्ञानें किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनीं आपल्या निबंधांत त्यांचा आधार म्हणून किती वेळां उल्लेख केला, या दोन आंकड्यांवरून त्याची योग्यता ठरविण्याचा प्रघात पडला आहे. नेमणूक, बढती, अनुदान, पारितोषिक यांचा विचार निघाला कीं हे आंकडे पुढें येतात. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी संशोधनाच्या मार्गाला लागली आहे, त्या घरांत तर ते परीक्षेच्या गुणांसारखे बोलले जातात. तेव्हां या मोजणीची किंमत काय, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या घरचा राहिलेला नाहीं. गुणनिर्णयाचीं साधनें कोणतीं असावींत, हा टीकाशास्त्रांतील जुनाच प्रश्न येथें नव्या वेषानें आला आहे, आणि म्हणूनच आम्ही तो वाचकांपुढें मांडीत आहों.

एका निबंधांत दुसऱ्या निबंधाचा आधार म्हणून केलेल्या उल्लेखास आम्ही पुढें 'निर्देश' असें म्हणूं. निर्देशांची सूचि करण्याची कल्पना मूळची शास्त्रज्ञांची नव्हे, वकिलांची आहे. एखाद्या निवाड्याचा आधार पुढें कोणकोणत्या निवाड्यांत घेतला गेला, तो कायम राहिला कीं फिरविला गेला, हें दाखविणारी शेपर्ड यांची सूचि अमेरिकेंतील वकिलांच्या उपयोगासाठीं १८७३ पासून निघत असे. तिच्या धर्तीवर शास्त्रीय वाङ्मयाचीहि सूचि व्हावी, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं 'सायन्स' या साप्ताहिकांत मांडली, आणि १९६४ पासून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूचि नियमितपणें निघूं लागली. खगोलशास्त्रापुरतें बोलावयाचें तर, अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेनें उभारलेली निबंधसूचि १९९३ पासून अभ्यासकांना खुली झाली, आणि कोणाही खगोलशास्त्रज्ञाचे निबंध व त्यांवरील निर्देश क्षणार्धांत समोर येऊं लागले. पुढें २००५ सालीं होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानें या सर्वांचा अर्क एका अंकांत काढला. एखाद्याच्या वीस निबंधांस प्रत्येकीं निदान वीस निर्देश मिळाले असतील, पण एकवीस निबंधांस प्रत्येकीं एकवीस मिळाले नसतील, तर त्याचा अंक वीस. वकिलांची सूचि वाट दाखविण्यासाठीं होती, आणि निवाडा टिकला कीं फिरला हेंहि ती सांगत असे. शास्त्रज्ञांच्या मोजणींत ही दुसरी गोष्ट गळाली. खंडनासाठीं केलेला निर्देश आणि मंडनासाठीं केलेला निर्देश तेथें सारख्याच किंमतीचा धरला जातो. रस्त्याच्या कडेला अंतर दाखविण्यासाठीं रोवलेला दगड उचलून तराजूच्या पारड्यांत टाकावा, तसा कांहींसा हा प्रकार झाला.

या मोजणीची परीक्षा पाहण्यासाठीं आम्हीं जाणूनबुजून असा खगोलशास्त्रज्ञ निवडला आहे कीं, ज्याला ती मुळींच प्रतिकूल नाहीं. ज्याच्या पदरीं निर्देश थोडे, त्याची कड घेऊन मोजणीला नांवें ठेवणें म्हणजे कोल्ह्यानें द्राक्षांना आंबट म्हणण्यासारखें होईल. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर (१९१०–१९९५) यांच्याजवळ दोन्ही आंकडे विपुल आहेत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत विद्यार्थी असतांना १९२८ सालीं त्यांचा पहिला निबंध निघाला. तेथपासून साठ वर्षांहून अधिक काळ ते लिहीत राहिले. त्यांचे निबंध चारशेंच्या घरांत जातात, आणि त्यांतील निवडक निबंधांचेच सात खंड शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केले आहेत. १९८३ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक विल्यम फाउलर यांच्यासमवेत त्यांना मिळालें. अशा माणसाच्या बाबतींत मोजणी काय सांगते आणि काय सांगत नाहीं, हें पाहिलें म्हणजे तिचा खरा अधिकार कोठवर आहे तें कळेल.

चंद्रशेखर यांची लिहिण्याची पद्धति इतरांहून निराळी होती. एक विषय हातीं घ्यावा, सहासात वर्षें त्यावर निबंधामागून निबंध लिहावे, शेवटीं साऱ्या विषयाची नीट मांडणी करणारा ग्रंथ सिद्ध करावा, आणि मग तो विषय सोडून नव्या विषयाचा आरंभ करावा, असा त्यांचा क्रम होता. ताऱ्यांची अंतर्रचना (ग्रंथ १९३९), तारकासमूहांची गतिविद्या (१९४२), ताऱ्यांच्या वातावरणांतून होणारें प्रकाशाचें वहन (१९५०), प्रवाही पदार्थांचें स्थैर्य (१९६१), फिरत्या द्रवपिंडांच्या समतोल आकृति (१९६९) आणि कृष्णविवरें (१९८३), असे हे टप्पे आहेत; आणि अखेरच्या वर्षीं, १९९५ सालीं, न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथावरील त्यांचें विवरण बाहेर पडलें. पिकाला कणसें धरूं लागलीं कीं शेत दुसऱ्याच्या स्वाधीन करून स्वतः नवी जमीन फोडावयास जाणाऱ्या शेतकऱ्यासारखी ही वृत्ति होती. कीर्तीचा हिशेब ठेवणारा मनुष्य असें करीत नाहीं. ज्या विषयांत नांव झालें त्याच विषयांत राहून दरवर्षीं थोडें थोडें लिहीत जावें, म्हणजे निर्देश आपोआप वाढतात, हें व्यवहारचातुर्य त्यांच्याजवळ नव्हतें, किंवा असलें तरी त्यांनीं तें वापरलें नाहीं. आतां त्यांच्या निबंधांपैकीं कांहीं एकेक घेऊन पाहूं.

पहिला निबंध १९३१ चा. १९३० च्या जुलै महिन्याच्या ३१ तारखेस एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर उच्च शिक्षणासाठीं मुंबई बंदरांतून इंग्लंडच्या प्रवासास निघाले. त्या सागरप्रवासांत त्यांनीं एक गणित मांडलें. इंधन संपलेला तारा आकसत जाऊन श्वेत बटु या अवस्थेस पोंचतो; त्या अवस्थेंत त्याचा भार इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तोलला जातो. परंतु ताऱ्याचें वस्तुमान जसजसें अधिक, तसतसे आंतील इलेक्ट्रॉन अधिक वेगवान्. आणि त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ गेला कीं सापेक्षतेच्या नियमांमुळें दाब पुरेसा वाढत नाहीं. याचा अर्थ असा कीं, एका ठराविक वस्तुमानापलीकडे श्वेत बटु म्हणून तारा टिकूंच शकत नाहीं. हा निष्कर्ष 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'च्या १९३१ च्या एका अंकांत अवघ्या दोन पानांत प्रसिद्ध झाला. त्या वेळीं निघालेली मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.९१ पट होती. आज पाठ्यपुस्तकांत ती सुमारें १.४ पट दिलेली असते. एका इलेक्ट्रॉनमागें ताऱ्यांतील द्रव्याचें वजन किती धरावयाचें याची त्या काळची समजूत निराळी होती, एवढाच तो फरक आहे. युक्तिवाद तोच आहे.

या निबंधाचें नशीब सर्वांना ठाऊक आहे. ११ जानेवारी १९३५ रोजीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत चंद्रशेखर यांनीं आपला सिद्धान्त सविस्तर मांडला, आणि लगेच त्यांच्यामागून सर आर्थर एडिंग्टन यांनीं उठून तो सर्वस्वीं चुकीचा असल्याचें सांगितलें. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांनीं ज्यांचें नांव जगभर झालें, ताऱ्यांच्या अंतर्रचनेचे जे आद्य आचार्य, त्यांच्या शब्दापुढें चोवीस वर्षांच्या तरुणाचें गणित काय टिकणार? बोर, पाउली यांसारख्या भौतिकशास्त्रज्ञांना त्यांत चूक दिसत नव्हती. परंतु खासगी संमति देण्यापलीकडे जाऊन जाहीरपणें बोलावयास कोणी पुढें येईना. चंद्रशेखर यांनीं आपलें म्हणणें १९३९ च्या ग्रंथांत व्यवस्थित नोंदवून ठेवलें आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. १९३५ सालीं निर्देशांची सूचि नव्हती. असती, तरी या दोन पानांचें मोल तिला सांगतां आलें नसतें. ज्या वयांत मनुष्याला नोकरी हवी असते, त्या वयांत त्याच्या उत्तम कृतीचे निर्देश बहुधा जमलेले नसतात, ही या मोजणीची पहिली उणीव. झाडाखालीं पडलेलीं फळें ती अचूक मोजील, परंतु रोप कोणत्या जातीचें आहे हें तिला ओळखतां येत नाहीं.

दुसरी उणीव याच निबंधाच्या उत्तरचरित्रांत दिसते. पुढें सिद्धान्त सर्वमान्य झाला, 'चंद्रशेखर मर्यादा' हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडीं बसला, आणि मग मूळ निबंधाचा निर्देश करण्याची गरज कोणास राहिली? १९९८ सालीं दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचें दिसून आलें. ज्या जातीच्या स्फोटांवर हें अनुमान उभें आहे, त्यांच्या प्रचलित उपपत्तींत चंद्रशेखर मर्यादा पायाभूत आहे. परंतु त्या विषयावर लिहिणारा मनुष्य मर्यादेचें नांव घेऊन पुढें जातो, १९३१ चीं दोन पानें पायटिपेंत देत नाहीं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें या घटनेचें वर्णन करून ठेवलें आहे : जें ज्ञान सर्वांच्या अंगीं मुरतें, त्याचा धनी दिसेनासा होतो. तुकोबांचा चरण म्हणीसारखा बोलण्यांत वापरणारा खेडूत अभंगाचा क्रमांक सांगत बसत नाहीं. यांत तुकोबांची हानि नाहीं, परंतु क्रमांकांची यादी करणाऱ्याच्या वहींत तो उल्लेख चढत नाहीं. म्हणजे साधारण निबंधांच्या निर्देशांची नोंद पुरती होते आणि अत्यंत यशस्वी निबंधाची मात्र अपुरी राहते, असा हा उलटा न्याय आहे. हिर्श यांच्या अंकांत तर यापुढची गंमत आहे. त्या हिशेबांत हीं दोन पानें, निर्देशांची ठराविक पातळी ओलांडलेल्या इतर कोणत्याहि निबंधाप्रमाणें, फक्त एकानेंच भर घालतात. ज्यानें आयुष्यांत दोनच निबंध लिहिले आणि दोन्ही युगप्रवर्तक ठरले, त्याचा अंक जन्मभर दोनच राहील.

येथें न्यायाच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मर्यादेला चंद्रशेखर यांचें नांव मिळालें, परंतु एस्टोनियांतील विल्हेल्म अँडरसन यांनीं १९२९ सालीं आणि इंग्लंडांतील एडमंड स्टोनर यांनीं १९३० सालीं याच दिशेनें पावलें टाकलेलीं होतीं. सापेक्षतेचा विचार करून मर्यादेचा अंदाज त्यांनींहि काढला होता. ताऱ्याच्या पोटांतील घनता सर्वत्र सारखी न धरतां तिची खरी मांडणी घेऊन गणित करणें, हें चंद्रशेखर यांचें वैशिष्ट्य. नांव देण्याची रूढि उदार असते तशी विसराळूहि असते. निर्देशांची सूचि नीट चाळणाऱ्याला मात्र स्टोनर आणि अँडरसन हे दोघेहि तेथें सांपडतात. सूचीचा हा उपयोग आम्ही मनापासून मान्य करतों, कारण गारफील्ड यांना हवा होता तो हाच.

आतां दुसरा निबंध पाहूं, म्हणजे मोजणीच्या बाजूनें बोलण्यासारखें काय आहे तेंहि कळेल. चंद्रशेखर यांच्या निबंधांत सर्वांत अधिक निर्देश मर्यादेवरील निबंधाला नाहींत. ते १९४३ सालीं 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स' या नियतकालिकांत आलेल्या ८९ पानांच्या एका विस्तृत निबंधाला आहेत. त्याचा विषय यदृच्छेनें होणारी हालचाल हा आहे. मद्याच्या धुंदींत चालणाऱ्या मनुष्याचें प्रत्येक पाऊल कोणत्या दिशेला पडेल हें सांगतां येत नाहीं. परंतु हजार पावलांनंतर तो निघाल्या ठिकाणापासून सरासरीनें किती दूर असेल हें गणितानें सांगतां येतें. पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची वेडीवांकडी धांव, द्रवांत विखुरलेल्या कणांचें एकमेकांस चिकटून गोठणें, आणि असंख्य शेजाऱ्यांच्या आकर्षणानें इकडे तिकडे ढकलला जाणारा तारा, या सर्वांना लागू पडणारें तें गणित आहे. त्यांतील बरेंचसें आइन्स्टाइन, स्मोलुखोव्स्की, लांजव्हँ अशा पूर्वसूरींचें होतें. चंद्रशेखर यांना तें ताऱ्यांसाठीं हवें होतें म्हणून त्यांनीं तें सारें एकत्र आणलें, त्यांतील सांधे जुळविले आणि वाचकाला पायरीपायरीनें वर नेणारी एक वाट बांधली. त्याच विचारांतून त्याच वर्षीं त्यांचा 'गतिक घर्षणा'चा सिद्धान्त निघाला. ताऱ्यांच्या दाटींतून जाणारा जड गोल आपल्या मागें इतरांना ओढून घेतो आणि त्यामुळें स्वतः मंदावतो, असें तें तत्त्व असून दीर्घिकांच्या परस्परमीलनाच्या विवेचनांत तें आज पदोपदीं लागतें.

मोजणी नसती, तर हा ८९ पानांचा निबंध सर्वसाधारण वाचकाच्या नजरेस आला असता काय? आम्हांस शंका आहे. कीर्ति ही नाट्यप्रिय असते. तिला जहाजावरचा तरुण आणि सभेंतील उपमर्द आठवतो. रसायनशास्त्रज्ञांनीं, भौतिकशास्त्रज्ञांनीं, ज्यांना ताऱ्यांशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशा लोकांनींहि वर्षानुवर्षें ज्याचा आधार घेतला, त्या शांत निबंधाची आठवण आंकड्यानें करून दिली, हें त्याचें ऋण मानलें पाहिजे. पण त्यावरून १९४३ चा निबंध १९३१ च्या निबंधाहून श्रेष्ठ, असा निकाल देतां येईल काय? महाकाव्यापेक्षां शब्दकोश अधिक वेळां उघडला जातो. त्यावरून कोशकाराचें उपकारकत्व सिद्ध होतें, कवीचें कनिष्ठत्व सिद्ध होत नाहीं. आंकडा उपयोगाची नोंद करतो, आणि ती खरी असते. उपयोग आणि महत्त्व हे दोन शब्द समानार्थी समजण्याची चूक आंकड्याची नव्हे, वाचणाऱ्याची आहे.

तिसरा निबंध १९६० चा. चुंबकीय क्षेत्रांत फिरणाऱ्या प्रवाही पदार्थाचें स्थैर्य केव्हां बिघडतें, हा त्याचा विषय. रशियांतील वेलिखोव्ह यांनीं १९५९ सालीं हाच परिणाम दाखविला होता; चंद्रशेखर यांनीं तो स्वतंत्र रीतीनें मांडून पुढें आपल्या १९६१ च्या ग्रंथांत समाविष्ट केला. खगोलशास्त्रज्ञांनीं त्याकडे तीस वर्षें फारसें पाहिलें नाहीं. कृष्णविवराभोंवतीं फिरणारी वायूची तबकडी आपली भ्रमणगति गमावून आंत कशी ओघळते, हें कोडें त्यांना त्या काळांत छळीत होतें, आणि त्याची किल्ली ग्रंथालयांतील एका जाड पुस्तकांत पडून होती. १९९१ सालीं स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनीं दाखवून दिलें कीं, दुर्बल चुंबकीय क्षेत्र असलें तरी त्या तबकडींत नेमकी हीच अस्थिरता उत्पन्न होते आणि तीमुळें वायु घुसळला जाऊन आंत सरकतो. तेव्हांपासून तो जुना परिणाम एकाएकीं सर्वांच्या ओठीं आला. तीस वर्षें थोडी नव्हेत. एखाद्या अध्यापकाची बहुतेक नोकरी तेवढ्यांत संपते. १९६० ते १९९० या काळांत एखाद्या समितीनें या निबंधाचें मोल निर्देशांवरून केलें असतें, तर तें हिशेबाला बरोबर आणि वस्तुस्थितीला चूक ठरलें असतें.

निबंधांच्या मोजणींत जें मुळींच येत नाहीं, असेंहि चंद्रशेखर यांचें कार्य आहे. १९५२ पासून १९७१ पर्यंत एकोणीस वर्षें ते 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'चे व्यवस्थापक संपादक होते. १९५८ सालीं त्यांच्याच विद्यापीठांतील यूजीन पार्कर या तरुणानें, सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा वारा अखंड वाहत असतो, असें प्रतिपादन करणारा निबंध धाडला. दोन परीक्षकांनीं तो त्याज्य ठरविला. चंद्रशेखर यांनाहि ती कल्पना पटत नव्हती. परंतु परीक्षकांना गणितांत एकहि चूक दाखवितां आली नाहीं असें पाहून त्यांनीं तो निबंध छापला. १९६२ सालीं शुक्राकडे गेलेल्या 'मॅरिनर-२' यानानें तो वारा प्रत्यक्ष अनुभवला. स्वतःला न पटणारें मत, त्यांतील चूक दाखवितां येत नाहीं एवढ्याच कारणानें प्रसिद्ध करणें, हा संपादकाच्या व्रताचा कळस आहे, आणि १९३५ च्या सभेचा सर्वांत उदात्त सूडहि आम्हांस यांतच दिसतो. निर्देशांच्या वहींत या निबंधाचें सारें पुण्य पार्कर यांच्या खात्यावर जमा आहे. तें योग्यच आहे. पण वहीला त्यापलीकडचें कांहीं दिसत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें. त्याचप्रमाणें शेक्सपिअर, न्यूटन आणि बीथोव्हेन यांच्या प्रतिभेची तुलना करणारें त्यांचें १९७५ चें व्याख्यान, आणि ज्यांनीं आपला पाणउतारा केला त्याच एडिंग्टन यांची थोरवी गाणारीं त्यांचीं जन्मशताब्दीच्या वर्षांतलीं, १९८२ सालचीं, व्याख्यानें, हींहि खगोलशास्त्राच्या हिशेबांत जवळजवळ शून्यच.

यावर एक सबळ आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. कोणी म्हणेल : "मोजणी अपुरी, हें ठीक, पण मोजणीच्या ऐवजीं तुम्ही काय देणार? जाणत्यांची पारख? मग १९३५ सालीं काय झालें? एडिंग्टन यांच्याहून अधिक जाणता परीक्षक त्या काळीं कोण होता? त्यानेंच तर चुकीचा निकाल दिला. आंकड्याला निदान अहंकार नसतो, आप्तपर नसतो, कातडीचा रंग दिसत नाहीं." हें म्हणणें खोडून काढणें सोपें नाहीं. जाणत्यांच्या पारखीच्या नांवाखालीं जातगोत, शिष्यशाखा आणि हितसंबंध किती चालतात, हें आपल्याकडील विद्वानांच्या सभा पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळ तरुणांना आंकड्यांचा आधार वाटतो तो याचमुळें.

तथापि एक भेद लक्षांत घ्यावा. एडिंग्टन चुकले, पण ते कारणें देऊन चुकले. भर सभेंत चुकले. छापील पानावर चुकले. म्हणून त्यांचीं कारणें एकेक करून तपासतां आलीं, आणि अखेर तीं टिकलीं नाहींत. चुकीच्या मताला उत्तर देतां येतें. अंकाला काय उत्तर देणार? अमुक तरुणाचा अंक नऊ आणि अमक्याचा चौदा, एवढें सांगून समिति उठली, तर नऊवाल्यानें कोणत्या मुद्द्याचें खंडन करावें? आणि आंकडा निःपक्षपाती असतो हेंहि पूर्ण खरें नाहीं. १९३१ च्या निबंधाला लेखक एक होता. २०१७ सालीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या निरीक्षणांवर जो एकत्रित निबंध निघाला, त्याला साडेतीन हजारांहून अधिक लेखक होते, आणि त्यावरील प्रत्येक निर्देश त्या प्रत्येकाच्या नांवावर चढूं शकतो. अनेकांच्या श्रमांनीं चालणाऱ्या वेधशाळांच्या युगांत हें अपरिहार्य असेल, परंतु मग त्या दोन आंकड्यांची तुलना कोणत्या मापानें करावयाची? शिवाय १९३५ च्या कथेचा उत्तरार्धहि विसरूं नये. वाद अजून मिटलेला नसतां ऑटो स्ट्रूव्ह यांनीं या तरुणाला शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेंत बोलाविलें आणि १९३७ च्या आरंभीं तो तेथें रुजू झाला. त्यांच्यापुढें कोणताहि अंक नव्हता. त्या तरुणाच्या कामाची माहिती आणि स्वतःचा विवेक एवढीच सामग्री होती. पारख एका ठिकाणीं चुकली, पण ती दुसऱ्या ठिकाणीं सावरलीहि गेली. कारण ती अनेकांच्या हातीं होती आणि प्रत्येकाला आपापल्या निर्णयाची जबाबदारी होती.

ही चर्चा आपल्याकडे केवळ तात्त्विक नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या यांसाठीं निबंधांना गुण देण्याची पद्धति घातली, आणि पुढें पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचा असा सुळसुळाट झाला कीं, ग्राह्य नियतकालिकांच्या याद्या करण्याची आणि त्या पुन्हां चाळण्याची पाळी त्याच आयोगावर आली. माप तेंच ध्येय झालें कीं माणसें मापासाठीं लिहूं लागतात, ध्येय बाजूला राहतें. पाश्चात्त्य देशांतहि हें दुःख आहे. म्हणूनच २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या शास्त्रज्ञांनीं आणि संपादकांनीं, नियतकालिकाच्या सरासरी आंकड्यावरून त्यांतील निबंधाची किंवा लेखकाची योग्यता ठरवूं नये, असा जाहीरनामा तयार केला. जो विषय सहासात वर्षें मुकाट्यानें करावयाचा, ज्याचें फळ तीस वर्षांनीं येण्याचा संभव, तो विषय घेण्याचें धैर्य गुणांच्या पत्रकाकडे डोळे लावून बसलेल्या तरुणास कसें होईल? चंद्रशेखर यांनीं १९६१ सालीं फिरत्या द्रवपिंडांचा जुना, बहुतेकांनीं टाकून दिलेला विषय हातीं घेतला, तेव्हां त्याला बाजारांत भाव नव्हता. त्यांतूनच १९७० सालीं, फिरता पिंड गुरुत्वीय लहरींच्या उत्सर्जनामुळें अस्थिर होऊं शकतो, हें त्यांनीं दाखविलें, आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अभ्यासकांना तो परिणाम आज महत्त्वाचा वाटतो.

मोजणी टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभी करावी, तिची उलटतपासणी घ्यावी, आणि न्यायासन मात्र वाचणाऱ्यासाठीं राखावें. ज्या समितीच्या सभासदांनीं उमेदवाराचे तीन निबंध मन लावून वाचले आहेत आणि त्यांविषयींचें आपलें मत कारणांसह लिहून सही केली आहे, तिनें वाटल्यास आंकडेहि पाहावे. जिनें वाचलेंच नाहीं, तिला आंकडे पाहण्याचा अधिकार नाहीं. आणि घरोघरच्या आईबापांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, आपल्या मुलामुलींच्या संशोधनाविषयीं विचारतांना 'निबंध किती झाले?' हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न 'शेवटच्या निबंधांत काय म्हटलें आहेस, तें आम्हांला समजेल असें सांग' हा असावा. त्याचें उत्तर ऐकण्यास अर्धा तास लागेल. पण १९३१ च्या त्या दोन पानांची योग्यता ओळखावयाची असती, तर त्यावेळींहि हाच एक मार्ग होता.